पीटी सरांचं ग्रामर

सोमवार, ३ जुलै

'क्रीडा विभाग दैनंदिनी' अशी पाटी असलेली ही वही मला शाळेतून दर वर्षी मिळते. कोणत्या वर्गाने काय व्यायाम केला, किती चेंडू फुगवले, कोणाचा गुडघा फुटला हे त्यात लिहायचं. आज अकरा वाजता क्रीडा विभागच बंद झाला. वही कोरी आहे, टाकवत नाही, म्हणून आता माझंच काय ते लिहितो.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, "बसा" म्हटलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं, काही तरी बिनसलंय. मला शाळेत कोणी बसा म्हणत नाही. पीटीचा मास्तर जन्मतः उभाच असतो असा सगळ्यांचा समज आहे.

"खेळाच्या शिक्षकाचं पद वरून रद्द झालंय," बाई म्हणाल्या. "तुम्ही जादा ठरताय. पण इंग्रजीच्या बाई नोकरी सोडून गेल्यात, तो तास रिकामा आहे. सातवी ब चं ग्रामर तुम्ही घ्या. ऑगस्टमध्ये तपासणी आहे. साहेबांचा शेरा बरा आला तर तुम्हाला भाषेचे शिक्षक म्हणून ठेवून घेता येईल."

"आणि बरा नाही आला तर?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

मी "येस मॅडम" म्हणालो. माझं सगळं इंग्रजी या दोन शब्दांत आटोपतं. निवृत्तीला सहा वर्षं आहेत आणि या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार? बाहेर येऊन नाडी मोजली. ९६. एक पाऊल न धावता ९६!

घरी बोललो नाही. बायको वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर असते. लग्नानंतर तिने मला दोनदा सांगितलं होतं, बाहेरून परीक्षा देऊन पदवी तेवढी पुरी करा. मी म्हणालो होतो, चेंडूला व्याकरण लागत नाही. ते वाक्य तिच्या लक्षात असेल का, हाच विचार जेवताना करत होतो.

मंगळवार, ४ जुलै

सकाळी नेहमीसारखा ट्रॅकसूट घातला, शिट्टी गळ्यात अडकवली आणि निघालो. शाळेत खेळाच्या सामानाच्या खोलीत शर्ट-पँट चढवायची असं ठरवलं होतं. तिथे गेल्यावर आठवलं की शर्ट-पँट आणलीच नाही. पिशवी उपसली तर तळाशी इस्त्रीचा निळा शर्ट आणि काळी पँट, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. बायको कपाट आवरताना कुठलंही काहीही कुठेही कोंबते. आज तिच्या गबाळेपणाने लाज राखली.

तास मात्र वाईट गेला. मी आत शिरलो तशी बेचाळीस पोरं उठून दाराकडे पळाली. त्यांना वाटलं मैदानावर न्यायला आलोय. "बसा" म्हणालो तर एकमेकांकडे बघायला लागली. हजेरी घेतली ती माझ्या खिशातल्या वहीतून. जूनमध्येच मी प्रत्येक वर्गाची उंचीप्रमाणे रांग लावतो. सगळ्यात बुटकं ते एक, मग चढत चढत बेचाळीस. नावांपेक्षा मला पोरं अशीच लक्षात राहतात. पोरांनीही सवयीने एक, दोन, तीन ओरडून हजेरी दिली आणि वर्ग थोडा माणसात आला.

मग फळ्यावर 'नाऊन' लिहिलं. पुढे काय लिहायचं ते मला येत नव्हतं, म्हणून तोच शब्द अर्धा तास गिरवला.

गुरुवार, ६ जुलै

कधीकधी नशीब साथ देतं. बायकोने वाचनालयातून एक इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक आणलंय. शिवण उसवलीय म्हणे, घरी डकवायचंय. "पंधरा दिवस टेबलावर दाबून ठेवावं लागेल. हलवू नका हं अजिबात," असं तिने बजावलं. ती आंघोळीला गेली की मी हलवतो. आत खुणेचा दोरा आहे, तो होता तसाच परत ठेवतो. तिला कळायची शक्यता नाही.

कोण्या वाचकाने पानोपानी पेन्सिलने सोपे अर्थ लिहून ठेवलेत. एरवी अशा वाचकांना ती फाडून खाते. या खेपेला काही बोलली नाही. वय झालं की माणूस मवाळ होतं.

सोमवार, १० जुलै

प्रोनाऊन. सर्वनाम. नामाऐवजी येतं ते. हे मी सकाळपासून चाळीस वेळा घोकलं आणि वर्गात दारातच विसरलो.

पोरं टकामका बघतायत, मी खडू कुरतडतोय. शेवटी तोंडातून आपलंच निघालं. "हे बघा. नाऊन म्हणजे मैदानावरचा खेळाडू. तो दमला. मी शिट्टी मारली. तो बाहेर आला आणि त्याच्या जागी बदली खेळाडू आत गेला. तो बदली खेळाडू म्हणजे प्रोनाऊन."

मग मागून ढोल्या म्हणाला, "मग व्हर्ब म्हणजे?" ढोल्या एक्केचाळीस नंबर, दोन वर्षं सातवीतच आहे. त्याने आजवर कोणत्याही तासाला तोंड उघडल्याचं ऐकिवात नाही.

"व्हर्ब म्हणजे खेळ," मी म्हणालो. "तो थांबला की सगळं थांबलं."

हे बरोबर आहे की नाही हे घरी येऊन दोऱ्याच्या पानावर बघितलं. दोरा प्रोनाऊनवर होता. शुक्रवारपर्यंत नाऊनवर होता असं मला वाटतं. मीच हलवला असणार.

शुक्रवार, १४ जुलै

आजचा दिवस हसण्यात गेला, म्हणजे त्यांच्या. फळ्यावर 'ही' आणि 'शी' लिहिलं. आपल्याकडे 'ही' म्हणजे बाई, तिकडे 'ही' म्हणजे बाप्या, हे समजावताना मीच दोनदा उलटा पडलो. त्यात 'शी' म्हटल्यावर बेचाळीस पोरं नाकं धरून लोळायला लागली. शिट्टी मारावी लागली. शिट्टी ऐकून मोठ्या बाई दारात. "ग्रामर चाललंय," मी म्हणालो. त्यांनी फळ्यावरचं 'शी' वाचलं आणि गेल्या. त्यांनी न रागावता जाणं कधीच चांगलं नसतं. नाडी १०२.

तास संपताना टिचभर उठली. टिचभर म्हणजे तीन नंबर. दप्तर तिच्यापेक्षा मोठं आणि अक्षर असं की मुंगी शाईत पडून कागदावरून गेलीय.

"सर, बदली खेळाडू आत आला की पहिला बाहेर जातो ना?"

"जातो."

"मग 'आय' कोणाच्या बदली येतो? मी तर मैदानावरच असते."

मी घड्याळाकडे बघितलं. "उद्या," म्हणालो.

शुक्रवार, २१ जुलै

त्या पोरीने आठवड्यात तीनदा विचारलंय. "सर, ते उद्याचं?" तिच्या 'उद्या'ने माझी झोप उडवलीय. पुस्तकात लिहिलंय की बोलणारा स्वतःच्या नावाऐवजी 'आय' वापरतो. हे सांगितलं तर ती म्हणाली, "पण मी माझं नाव घेऊन कधी बोलतच नाही, मग बदली कशाची?" याचं उत्तर पुस्तकात नाही.

बायको आताशा बडबडी झालीय. भाजी निवडताना स्वतःशीच मोठ्याने बोलते. काल म्हणे, "ॲडजेक्टिव्ह म्हणजे विशेषण. नामाच्या आधी येतं बहुधा. लाल गाडी, म्हातारा घोडा." मी विचारलं, हे काय मधेच? म्हणाली, शब्दकोडं सोडवतेय. हातात शेंगा होत्या.

तेवढं मात्र कामाला आलं. आज म्हातारा घोडा वर्गात चालवला.

बुधवार, २ ऑगस्ट

प्रीपोझिशन. ऑन, अंडर, बिहाइंड, बिटवीन. फळ्यावर लिहून कोणाच्या डोक्यात शिरेना, तेव्हा बाकांना कामाला लावलं. मी 'अंडर' म्हटलं की सगळी बाकाखाली, 'ऑन' म्हटलं की बाकावर, 'बिहाइंड' म्हटलं की कपाटामागे. ढोल्या कपाटामागे अडकला आणि त्याला चौघांनी ओढून काढला. पोरं एकदाही चुकली नाहीत.

आनंदात होतो तोच बोलावणं आलं. "खालच्या वर्गाचं छत पडेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "साहेब आल्यावर हे असलं काही नको. साहेबांना व्याख्या लागतात. एक मूल उभं राहिलं पाहिजे आणि घडाघडा बोललं पाहिजे."

घडाघडा बोलणारी एकच आहे, औषध दुकानदाराची लेक. वर्गात पहिली येते. तिला शब्दांचे आठही प्रकार व्याख्या आणि उदाहरणांसकट पाठ करायला दिले. दोन दिवसांत करून येते म्हणाली. साहेबांनी काहीही विचारलं तरी हिला उभं करायचं. एवढ्या एका पोरीवर माझी सहा वर्षं टांगलीयत. आता तिला साधी शिंक आली तरी माझा जीव वरखाली होणार.

शुक्रवार, ११ ऑगस्ट

तारीख आली. बुधवार, २३ ऑगस्ट.

दोन घास कमी गेले. बायको म्हणाली, "मैदानावर ऊन फार लागतं का हल्ली? बाहीला खडू लागलाय." मी म्हणालो, फक्की मारत होतो, खेळाच्या रेघा आखत होतो. ती "असं होय" म्हणाली आणि बाही झटकून दिली. खोटं बोलायला मी चांगला सरावलोय.

सोमवार, २१ ऑगस्ट

आज जे केलं ते सगळं लिहितो.

मोठ्या बाईंनी दार लावून घेतलं. "यंदा वर्ग तुमच्याकडे आहे तर कच्ची दहा तुम्हीच काढा. उद्या कारकून त्यांच्या घरी निरोप देईल. नावं लिहू नका, नुसते नंबर द्या. असल्या कागदावर नाव नको."

ही आमच्या शाळेची जुनी रीत आहे. तपासणीच्या दिवशी प्रत्येक वर्गातली कच्ची पोरं घरी ठेवायची. निरोप चुकून एखादं पोर आलंच तर त्याला फाटकावरून परत पाठवायचं. फाटकावर इतकी वर्षं मीच उभा असायचो. "तुला आज सुट्टी, जा पळ," म्हणायचो आणि पोरं उड्या मारत जायची. कोण कोण होती ते आठवत नाही, पाठीवरची दप्तरं आठवतात. यंदा चित्रकलेचे सर फाटकावर आहेत.

मी संघ निवडत आलोय. कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं हे ठरवण्यातच माझा जन्म गेला. म्हणून म्हटलं, यात काय एवढं? मधल्या सुट्टीत सामानाच्या खोलीत बसलो, खिशातली वही काढली आणि नंबर उतरवले. पहिले आठ पटापट झाले. एक्केचाळीस लिहिताना थोडं जड गेलं, ढोल्या हल्ली बोलायला लागला होता. पण लिहिला.

दहावा नंबर तीन.

टिचभर काही अगदीच कच्ची नाही. तिच्याहून कच्ची आणखी पाच-सहा सापडतील. पण ती साहेबांसमोर हात वर करून 'आय' कोणाची बदली ते विचारणार आणि साहेब माझ्याकडे बघणार. मला त्याची भीती वाटते. म्हणून तीन लिहिलं. दुसरं कारण शोधून बघितलं, सापडलं नाही.

कागदाची चौकोनी घडी करून कारकुनाच्या टेबलावर ठेवली. घरी आल्यावर हात धुतले आणि पुन्हा धुतले.

बुधवार, २३ ऑगस्ट

सकाळी पिशवीत इस्त्रीच्या शर्टाबरोबर टायही निघाला, माझ्या लग्नातला. कपाट आवरण्याची ही काय पद्धत! पण बांधला.

वर्गात शिरलो आणि समोरचा बाक रिकामा. औषध दुकानदाराची लेक नाही. तिच्या शेजारची दुसरी येणारी नाही, मागचा तिसरा येणारा नाही. पहिलीपासून पहिला बाक पकडणारी पोरं, आजच्या दिवशी तीनही नाहीत! मी दाराला धरून उभा राहिलो. मग खिडकीजवळ बघितलं तर टिचभर तिच्या जागेवर, दोन वेण्या घट्ट घालून. मागे ढोल्या. ज्यांना घरी ठेवायचं होतं ती दहाच्या दहा पोरं केस विंचरून बसलेली. कुठे काय उलटंपालटं झालं ते कळेना, आणि कळून घ्यायला वेळ नव्हता. साहेब मागे येऊन उभे होते.

साहेब वाळलेले, चष्मेवाले, बोलायला हळू. शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मी पंधरा मिनिटं काय शिकवलं ते देवाला माहीत. मग त्यांनी बोट केलं ते नेमकं ढोल्याकडे. "व्हॉट इज अ प्रोनाऊन?"

ढोल्या उठला. उठायलाच त्याला वेळ लागतो. माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. मग हा गडी बाकातून बाहेर आला, फळ्यापर्यंत चालत गेला, दुसऱ्या बाकावरच्या एका पोराच्या खांद्यावर टपली मारली आणि त्याला दाराबाहेर जायची खूण केली. पोरगं गेलं. ढोल्या त्याच्या जागेवर मावेल तेवढा बसला आणि म्हणाला, "तो दमला. आता मी. ही!"

वर्गातलं कोणीही हसलं नाही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत काही तरी लांबलचक विचारलं. त्यातलं 'मेथड' तेवढं कळलं.

"साहेब," मी म्हणालो, "एवढं इंग्रजी मला येत नाही. पोरांबरोबर मीही जुलैपासूनच शिकतोय. तुम्ही साधं विचारा, मी साधं सांगतो."

बोलून गेलो. पोरांसमोर बोलून गेलो. आणि तेवढ्यात खिडकीजवळ हात वर झाला.

"सर, मी या सरांना विचारू? ते उद्याचं?"

तिने विचारलं. साहेबांनी बोलणाऱ्याच्या नावाचं सांगितलं. तिने तिचं पुढचं विचारलं. साहेब "हं" म्हणाले आणि वहीत लिहायला लागले. पान भरलं, उलटलं, पुन्हा लिहिलं. एवढं काय लिहीत होते?

गुरुवार, २४ ऑगस्ट

औषध दुकानदार साडेआठलाच शाळेत. आवाज मैदानापर्यंत येत होता. "माझ्या मुलीला घरी ठेवा म्हणून निरोप कसा आला? तिचं महिनाभराचं पाठांतर फुकट!"

मी कारकुनाकडे धावलो. त्याने माझाच कागद माझ्यापुढे धरला. "तुम्ही दिले तेच नंबर. तीन म्हणजे औषधवाल्यांची मुलगी."

"तीन म्हणजे टिचभर!"

"टिचभर हजेरीपटावर सदतीस आहे, सर. हे तीन तुम्ही कुठून आणलं?"

मी खिशातली वही काढली आणि मग कुठून आणलं ते मला दिसलं. त्याने हजेरीपट उघडला होता, अक्षरांप्रमाणे लावलेला. मी तीस वर्षं फूटपट्टीने हजेरी घेत आलोय. कारकून हसला नाही, तेच फार वाटलं.

मोठ्या बाई दुकानदाराला काय बोलल्या माहीत नाही. मला एवढंच म्हणाल्या, "साधे दहा नंबर लिहिता येत नाहीत?"

सोमवार, २८ ऑगस्ट

शेरा आला. बाईंनी वाचून दाखवला, कागद हातात दिला नाही.

शिक्षकांचे इंग्रजी अपुरे. वर्गात शिस्त वेगळ्या प्रकारची. विद्यार्थी प्रश्न विचारतात. निर्णय जानेवारीतील फेरतपासणीनंतर.

म्हणजे बुडालोही नाही आणि तरलोही नाही. आणखी पाच महिने असंच अधांतरी फिरायचं.

"जानेवारीत असा घोळ चालणार नाही," बाई म्हणाल्या. "कच्ची दहा आत्ताच ठरवा. हजेरीपटावरून. शुक्रवारी मला यादी द्या, मी स्वतः तपासते. साहेब याच वर्गावर येणार, तुमचं सगळं त्या दिवसावर आहे."

मी "येस मॅडम" म्हणालो.

घरी टेबलावर आणखी एक पुस्तक डकवायला आलंय, वाक्यरचनेचं. शिवण चांगली घट्ट आहे, कुठे उसवलीय ते दिसलं नाही. वाचनालयातली माणसं कामाला लागली की चांगल्या पुस्तकांवरही हात मारतात.

मंगळवार, २९ ऑगस्ट

हजेरीपट आणला. पेन्सिल घेतली. सात नंबर लिहिले. सदतीसपाशी थांबलो. तपासणीतल्या प्रश्नानंतर तर ती घरी असलेलीच बरी, असं डोकं सांगतंय. लिहिलं.

गुरुवार, ३१ ऑगस्ट

तास सुटल्यावर सगळी पोरं गेली, टिचभर गेली नाही. दप्तराचा पट्टा पिळत टेबलाजवळ उभी राहिली. मला वाटलं पुन्हा 'आय'.

"सर, माझं काय चुकलं?"

"कशाचं?"

"यंदा मला सुट्टी नाही दिली." तिचे डोळे भरले होते. "दर वर्षी साहेब यायच्या दिवशी मला सुट्टी असते. पहिलीपासून. तिसरीत निरोप आला नव्हता तर मी आले होते, तेव्हा तुम्हीच फाटकावर म्हणालात, तुला सुट्टी, जा पळ. आई म्हणते, हुशार मुलांना त्या दिवशी सुट्टी देतात, त्यांची परीक्षा कशाला घ्यायची म्हणून. आम्ही मावशीकडे जातो. मावशी दर वेळी सगळ्यांना सांगते, हिला शाळेने सुट्टी दिलीय. या वर्षी पहिल्या तिघांना दिली आणि मला नाही. मी प्रश्न विचारते म्हणून का? मी विचारणं बंद करू?"

मी खुर्चीत बसलो.

सहा तपासण्या. सहा वेळा ही पोर नवा फ्रॉक घालून मावशीकडे गेली. त्यातल्या एकदा तरी मी स्वतःच्या हाताने फाटक लावून घेतलं आणि पोरं किती खूश होतात म्हणून हसलो. आणि माझ्या खणात त्या क्षणी सदतीस लिहिलेला कागद होता.

"उद्या सांगतो," म्हणालो. नेहमीचंच. ती मान हलवून गेली.

संध्याकाळभर ठरवत होतो. खरं सांगितलं तर तिची सहा वर्षं जातात आणि आईचीही. नाही सांगितलं तर ती आजपासून स्वतःला कच्ची समजणार आणि तोंड मिटून बसणार, म्हणजे मला जे हवं होतं तेच होणार. मला माझी फार लाज वाटली. जेवलो नाही. बायकोने ताट झाकून ठेवलं आणि ती शेजारी येऊन बसली.

शुक्रवार, १ सप्टेंबर

पहिल्या तासाआधीच मोठ्या बाईंकडे गेलो.

"यादी?" त्यांनी हात पुढे केला.

"नाही आणली. जानेवारीत बेचाळीसही येतील. फाटकावरून कोणी परत जाणार नाही, सातवी ब मधलं तरी नाही."

"तुमची नोकरी आहे ही. माझी नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"ते ढोल्यासारखं पोरगं उभं राहिलं आणि काही बोललंच नाही तर?"

"तर मीही त्याच्याबरोबर उभा राहीन. मला उभं राहायची सवय आहे."

हे बोलताना आवाज बरा होता. बाहेर व्हरांड्यात आल्यावर मात्र नाडी मोजली. ११०. बाईंनी मागून दार जरा जोरातच लावलं.

मधल्या सुट्टीत टिचभरला बोलावलं. रात्रभरात घोकलेलं सगळं विसरलो, नेहमीप्रमाणे.

"तुझं काही चुकलं नाही," म्हणालो. "सुट्टी द्यायची पद्धतच चुकीची होती. ती मी बंद केली. आता कोणालाच सुट्टी नाही. जानेवारीत साहेब येतील तेव्हा सगळ्यांनी यायचं. तू तर आधी यायचं, आणि मनात येईल ते विचारायचं."

हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं तिला कधी तरी कळेल. तेव्हा मला कोणत्या तोंडाने सामोरं जायचं ते आत्ता सुचत नाही.

तिने थोडा विचार केला. समाधान झाल्यासारखं वाटलं, मग चेहरा एवढासा झाला.

"म्हणजे साहेब मला पण उभं करणार?"

"करतील."

"आणि मला नाही आलं तर? मला भीती वाटते, सर."

"मला पण वाटते," मी म्हणालो. "खूप वाटते."

ती माझ्याकडे बघून पहिल्यांदाच खुदकन हसली. "काहीतरीच! पीटीचे सर कुठे घाबरतात?" असं म्हणाली आणि डबा खायला पळाली.